मारणाऱ्यांची पहिली रांग

तुळजाअक्कांच्या वर्गात पहिली रांग मारणाऱ्यांसाठी राखीव असे. अंगणवाडीच्या बाया, देवळाचे विश्वस्त, आमच्यासारखे चार पुस्तकं वाचून आलेले, हे सगळे मागे. पुढच्या दहा खुर्च्यांवर बसायचा मान अशांचा, ज्यांनी गेल्या वर्षभरात एखाद्या दारुड्याला, गर्दुल्ल्याला नाहीतर डोकं फिरलेल्या माणसाला हातानं, काठीनं किंवा पट्ट्यानं मारलं आहे. अक्का दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "मारलंय?" माणूस घुटमळला की म्हणत, "लाजायचं काय त्यात? मारलं असशील तर पुढं बस. पुढं पंखा आहे."

पंखा खरोखरच पुढे असायचा. तो त्यांनीच हलवून घेतलेला असायचा.

मी एकदा म्हटलं, "अक्का, हे जरा उलटं नाही का? ज्यांना माया आहे त्यांना पुढे बसवावं."

"माया असलेला माणूस गल्लीत दंगा झाला की दार लावून घेतो, सर," त्या म्हणाल्या. "धावून येतो तो मारणारा. मग शिकवायचं कुणाला?"

अक्कांना जाऊन आता सात महिने झाले. त्यांच्याविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण त्यांच्या आयुष्यात इतकी मारामारी होती, आणि त्या स्वतः इतक्या शांत होत्या, की दोन्ही एका पानावर कसं ठेवावं ते सुचत नव्हतं.

बंगळूरमध्ये शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे शिंप्यांची एक गल्ली आहे. तिथली बरीच घरं आमच्या भाषेची, मराठी. शे-दोनशे नव्हे, तीन-चारशे वर्षांपासून इथलीच. "आमचे लोक घोड्यांच्या मागनं आले आणि मशीनच्या मागं बसले," असं अक्का सांगत. त्यांच्या मराठीत कानडी मिठासारखी सगळीकडे असे. बुटक्या, रुंद बांध्याच्या, चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली, गळ्यात मापाचा टेप. तो टेप त्या देवळात जातानाही काढत नसत. माणसाकडे बघितलं की आधी माप बोलत. एका पुढाऱ्याविषयी त्यांनी मला हळूच सांगितलं होतं, "छाती बेचाळीस, पण आत अस्तर नाही."

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या सभागृहात. मानसिक आजार आणि व्यसन यांविषयी वस्तीतल्या लोकांना शिकवायचा एक उपक्रम सुरू झाला होता. आजारी माणूस डॉक्टरपर्यंत पोचण्याआधी त्याला शेजारी, रिक्षावाला, पोलीस आणि दारूचा दुकानदार भेटतात. तेव्हा आधी त्यांनाच चार गोष्टी शिकवाव्यात, आणि सगळ्यांनी मिळून काम करावं, अशी त्यामागची कल्पना. मी जवळच्याच एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल. उपक्रमाच्या डॉक्टरीणबाई आमच्या वाचनालयात येत. शिंप्यांच्या गल्लीसाठी मराठीत एक पुस्तिका लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं, म्हणून मी वही घेऊन कोपऱ्यात बसलो होतो.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की चिडलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलावं, त्याला कसं वाटतंय ते विचारावं. शेवटच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, त्याच्या हातात कात्री आहे."

"कुणाच्या?"

"तुम्ही ज्याला कसं वाटतंय विचारताय त्याच्या. आमच्याकडं प्रत्येकाच्या हातात असते. दहा इंची. सांगा, विचारू कसं?"

लोक हसले. डॉक्टरीणबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मी त्याच्या शर्टाकडं बघते. प्यायलेल्याचं एक तरी बटण लोंबत असतंच."

पुढे त्यांनी जे सांगितलं त्यावर माझा विश्वास बसला नव्हता. महिन्याभरानं मी ते डोळ्यांनी पाहिलं.

पुस्तिकेचा मजकूर वाचून दाखवायला सकाळी अकराच्या सुमाराला मी गल्लीत गेलो होतो. नारायण नावाच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर गर्दी होती. त्याची बायको पायरीवर बसलेली, कानातली कुडी ओढून काढल्यामुळे कानाची पाळी फाटलेली, खांद्यापासून कोपरापर्यंत रक्त. नारायण आत उभा, डोळे तांबारलेले, हातात कात्री, आणि जो पाऊल पुढे टाकील त्याच्या दिशेनं ती खुपसत होता. एकाच्या तळहातावर वार झालाही होता. अक्का गर्दीतून वाट काढत आल्या. दारात उभ्या राहिल्या नाहीत, दार मोकळं सोडून बाजूनं आत गेल्या.

"काय रे हे? भर बाजारात असा उभा? बटण बघ तुझं."

"अक्का, जा तुम्ही. तुम्हालाही घालीन."

"घाल की. आधी बटण लावून घे. मी मेल्यावर लोक म्हणतील, अक्कांच्या गल्लीत बिनबटणाचा फिरत होता."

त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि सरळ त्याच्या छातीशी गेल्या. सुई गळ्याशी आल्यावर तो माणूस पुतळ्यासारखा थांबला. कात्रीचा हात तसाच वर. अक्का चार टाके घालत होत्या आणि इकडंतिकडचं बोलत होत्या. कापड कसं झिरझिरीत आहे, कॉलर कुणी बेतली. मग त्याच सुरात म्हणाल्या, "दोरा तोडायचाय. कात्री दे."

त्यानं दिली.

तिथंच हे संपायला हवं होतं. पण कात्री अक्कांच्या हातात गेलेली दिसताच चौघं आत घुसले आणि लाकडी गजानं नारायणला मारायला लागले. गज म्हणजे कापड मोजायची पट्टी, शिसवीची, तिच्या पितळी टोकानं त्याचं कपाळ उघडलं. तो खाली पडल्यावर लाथा. बरगडी मोडल्याचा आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. वाळकी फांदी ओल्या कपड्यात गुंडाळून मोडावी तसा असतो. अक्का त्या चौघांच्या मधे शिरल्या. एक गज त्यांच्या पाठीवर बसला. तेव्हा कुठे ते थांबले.

"हत्यार माझ्याकडं आल्यावर शूरपण आलं काय रे तुम्हांला?" त्या धापा टाकत म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी दोघांनाही हॉस्पिटलात नेलं, आणि परत येताना नारायणच्या बायकोला पोलीस ठाण्यात. ती नको म्हणत होती, नवरा आहे, पदरी पोरी आहेत. अक्कांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "संसार कर, नको कोण म्हणतंय? पण मार लपवायचा नाही. लिहून घ्यायचा. लिहिलेला मार दुसऱ्यांदा पडताना दहा वेळा विचार करतो." हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम होता. गल्लीतल्या किती बायका त्यांनी त्या ठाण्याच्या बाकावर बसवल्या असतील!

डॉक्टरीणबाईंनी गल्लीतले वर्ग आता अक्कांवरच सोपवले होते; पुढच्या वर्गाला ते चौघं पहिल्या रांगेत होते. बरगड्या जुळल्यावर नारायणही आला. रांगेची सुरुवात तिथून झाली.

हेड कॉन्स्टेबल रुद्रप्पा त्या रांगेत कसा आला तेही सांगायला हवं. बस स्टँडवर एक माणूस बसच्या काचांवर दगड मारत होता. तो प्यायलेला नव्हता. बस आपलं नाव घेऊन शिव्या देतात असं त्याला ऐकू येत होतं. दोन काचा फुटल्या, एका बाईच्या डोळ्याला लागलं, लोक त्याला तुडवायच्या बेतात होते. रुद्रप्पानं लाठी उगारली. अक्का भाजी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी मधे हात घातला आणि मनगटाच्या वर हाड मोडलं.

आठ दिवसांनी गळ्यात टेप आणि हात प्लास्टरमध्ये, अशा त्या वर्गात उभ्या. समोर रुद्रप्पा, साध्या कपड्यांत, मान खाली.

"हे साहेबांचं काम," प्लास्टर वर करून त्या म्हणाल्या. "शिलाई चांगली बसलीय. साहेब, लाठी उचलली तेव्हा मनात काय होतं, सांगा यांना."

रुद्रप्पा कानडीत पुटपुटला, "भीती."

"मोठ्यानं. मागं ऐकू येत नाही."

"भीती!" तो ओरडला, आणि त्या सहा फुटी माणसाचा चेहरा असा झाला की सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. त्यानंतर अक्कांना निरोप न देता त्यानं अशा माणसावर काठी उचलली नाही. दारूच्या दुकानाचा मंजण्णा पुढे आला तो रुद्रप्पामुळे. मंजण्णाचं म्हणणं, मी विकणारा, मला कशाला बोलावता. अक्का म्हणाल्या, "सकाळी शटर उघडताना कुणाचे हात थरथरतात ते तुला माझ्याआधी दिसतं. तेवढं कळवत जा." तो कळवू लागला. अशी ती माणसं एकमेकांना जोडली गेली. दोन वर्षांत त्या गल्लीतून सातआठ जण उपचाराला गेले.

जात नव्हता तो एकच. अक्कांचा धाकटा भाऊ परशुराम.

परशुराम गल्लीतला सगळ्यांत चांगला बेतणारा. खडूची रेघ न ओढता कापड कापायचा. सकाळी उठल्यावर दारू पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातात कात्री स्थिर राहत नसे. गेल्यावर मात्र रेषेवर चाले. अक्कांच्याच घरी माळ्यावर राहायचा. नारायणची बायको एकदा भांडणात म्हणाली होती, "आमची घरं झाडता, स्वतःच्या माळ्यावर बघा जरा!" अक्का म्हणाल्या, "बघते की रोज. मलाच दिसत नाही असं वाटतं काय तुला?" पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

पुस्तिका लिहीत असताना अक्कांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडायची नाही. तोडली तर दोन-तीन दिवसांनी त्याला घाम सुटतो, भास होतात, झटके येतात, जीवही जातो. ती डॉक्टरांच्या हाताखालीच सोडवायची. "हे पहिल्या पानावर टाका," त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावलं, की पुस्तकाला एक क्रम असतो: आधी आजार म्हणजे काय, मग कारणं, लक्षणं आणि मग उपचार. त्या क्रमानं ते वाक्य एकोणिसाव्या पानावर गेलं. चौकटीत, ठळक अक्षरांत. अक्का म्हणाल्या, "सरी, तसं करा. पुस्तकातलं तुम्हांला कळतं."

गेल्या वर्षी शहराच्या टोकाला, येलहंक्याला चार दिवसांचा वर्ग होता. अक्का तिथंच एका नातेवाइकांकडे उतरल्या होत्या, मी रोज बसनं जात होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत त्यांनी मंजण्णाला फोन लावला. फोन कानाशी धरायला त्यांना आवडत नसे, म्हणून तो स्पीकरवर असायचा.

"मंजण्णा, परशा कसा आहे?"

"अक्का, तुम्ही चिंताच करू नका," मंजण्णाचा आवाज आनंदानं फुलला होता. "एकदम बंद! तुम्हांला येईपर्यंत सांगायचं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी देत नाही, पलीकडच्या चारही दुकानांना सांगितलंय, रिक्षावाले त्याला बसू देत नाहीत, रुद्रप्पा साहेब नाक्यावर. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, आता तुमच्या घरचं आम्ही—"

"कधीपासून?"

"आज तिसरा दिवस, अक्का."

अक्कांनी चहा खाली ठेवला. "त्याचे हात बघितलेस?"

"थरथरतात स्वल्प. काल बडबडत होता. पण शूर आहे हो—"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "डॉक्टरीणबाईंना लावा. गाडी पाठवायला सांगा." आणि चपला तशाच सोडून रस्त्याकडे धावत सुटल्या.

हेब्बाळच्या पुलावर आमची रिक्षा अर्धा तास अडकली होती. अक्का गळ्यातला टेप बोटांना गुंडाळत आणि सोडत होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा गल्ली आरडाओरड्यानं भरली होती. परशुरामला सकाळपासून कापडाच्या ताग्यांमधून माणसं बाहेर येताना दिसत होती, हातात मशाली घेतलेली. त्यानं सहा तागे उभे-आडवे फाडले होते. अडवायला गेलेल्या नारायणच्या खांद्यात कात्री दोन बोटं घुसली होती. मग त्या सगळ्यांनी मिळून, म्हणजे पहिल्या रांगेतल्या त्याच माणसांनी, त्याला धरून शटरच्या खांबाला कापडाच्या पट्ट्यांनी बांधलं होतं. नाकातोंडातून रक्त येत होतं. एक गज मोडून पडलेला. दुसऱ्याच्या टोकाला केस चिकटलेले. तो किंचाळत होता, "आग लागली, सोडा, आग लागली," आणि एक जण त्याच्यावर बादलीनं पाणी फेकत होता. रुद्रप्पाच्या हातात लाठी होती.

"सोडा त्याला," अक्का म्हणाल्या.

"अक्का, नको, धोका आहे. तो कुणाला ओळखत नाही."

"तो आजारी आहे, गाढवांनो! तुम्ही केलाय त्याला आजारी! पट्ट्यांनी गळा आवळतोय त्याचा, सोडा!"

एक हात मोकळा झाला. अक्का पुढे झाल्या. सुई काढली नाही. ते चालणार नाही हे त्यांना दिसत होतं. फक्त म्हणाल्या, "परशा, मी आहे." परशुरामचे डोळे त्यांच्यावरून पलीकडे मशालींकडे गेले. बाजूच्या ओट्यावर नारायणची लोखंडी इस्त्री होती. ती उचलून त्यानं पूर्ण ताकदीनं अक्कांच्या तोंडावर हाणली.

जबडा तुटला. त्या मागे पडल्या आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. चष्मा माझ्या पायाशी आला. रक्त तोंडातून, कानातून. नारायणनं आपल्या जखमी हातानं गज उचलला आणि बाकीचेही वळले. त्या क्षणी त्यांनी परशुरामला ठेचून मारलं असतं याबद्दल मला शंका नाही. जमिनीवरून, तोंड धड हलत नसताना, अक्कांनी एक शब्द काढला.

"खबरदार."

गज हवेतच राहिले. आणि त्याच वेळी परशुरामला झटका आला. तो खांबावर ताठ झाला, पाय झाडायला लागला.

मग मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. त्याच माणसांनी काठ्या टाकल्या. पट्ट्या कापल्या, त्याला कुशीवर घेतलं, डोक्याखाली कापडाची घडी सरकवली, तोंडात काही घातलं नाही, हातपाय दाबले नाहीत, आजूबाजूच्या कात्र्या लाथेनं दूर केल्या. अक्कांनी शिकवलेलं प्रत्येक पाऊल, एकही न चुकता. रुद्रप्पा रडत रडत मोठ्यानं सेकंद मोजत होता. सगळं त्यांना येत होतं. एकोणिसावं पान तेवढं कुणी उघडलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंची गाडी दोघांनाही घेऊन गेली. परशुराम वाचला. अक्कांचा जबडा तारांनी बांधला. मेंदूजवळ थोडं रक्त साकळलं होतं, ते काढलं, पण पुन्हा होऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं.

पाचव्या दिवशी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले. गल्लीतले सगळे व्हरांड्यात उभे. प्रत्येकाच्या मनात एकच होतं: ज्यांनी इतक्या बायकांना लिहायला लावलं, त्या स्वतःच्या भावाविरुद्ध काय लिहिणार? इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्यानंच वाट करून दिली. "पडलात असं लिहू का, अक्का?"

अक्का दातांआडून, तुटक बोलल्या. मी शेजारी उभा होतो, त्यांचं बोलणं उलगडून सांगायला. "मारलं. लिहा. परशुरामनं. इस्त्रीनं."

व्हरांड्यात कुणीतरी हुंदका दिला.

"पुढं लिहा. तीन दिवस दारू तोडली होती. डॉक्टर नव्हता. कुणी तोडली त्यांची नावं लिहा. मंजण्णा. नारायण." त्या थांबल्या. "तुमचा रुद्रप्पा."

इन्स्पेक्टरनं पेन खाली ठेवलं. "अक्का, याची गरज आहे का?"

"अर्धा मार लिहायचा नसतो, साहेब."

"आणखी कुणी?" त्यानं नाइलाजानं विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बाकी आमचं आम्ही बघू."

इन्स्पेक्टर गेल्यावर मीच बोललो. ते वाक्य मागे टाकलं, चूक माझी. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकं शेवटपर्यंत वाचता, सर. आमचे लोक पहिलं पान वाचतात आणि कामाला लागतात." रागावल्या नव्हत्या. ते जास्त लागलं. आता पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तेवढं एकच वाक्य आहे.

परशुरामला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. तो उपचार घेऊन, सव्वा महिना कोरडा राहून घरी आला, आणि अक्कांचं वाकडं तोंड बघून म्हणाला, "कुणी केलं?" अक्कांनी मला जबाबाची प्रत वाचायला सांगितली. मी नको म्हटलं. "वाचा. गल्लीतल्या कुणाकडून तरी अर्धवट ऐकण्यापेक्षा पुरतं ऐकू दे." मी वाचलं. संपल्यावर तो भिंतीवर डोकं आपटू लागला, कपाळ फुटेपर्यंत, भिंत लाल होईपर्यंत. अक्कांनी त्याचे केस धरून त्याला मागे ओढलं आणि एक सणसणीत थोबाडीत दिली. आयुष्यात त्यांनी कुणाला मारलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

"बस झालं," त्या म्हणाल्या. "उद्या पहिल्या रांगेत बस."

तो बसला. दर वर्गाला. खटला अजून चालू आहे.

पाच महिन्यांनी अक्कांना पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरांनी जे सांगितलं नाही ते त्यांनी ओळखलं. एका दुपारी परशुरामला काहीतरी आणायला पाठवून त्यांनी मला जवळ बसवलं. "लिहून घ्या. हा उशाशी बसून रोज विचारतोय, तू जाणार नाहीस ना. मी गेले की याला वाटेल, यानंच मारलं मला. तिसऱ्या दिवशी पिईल, नाहीतर दोरी घेईल. याचे दिवस लावायचेत."

"कसले दिवस?"

"सुतकाचे. पहिला दिवस मंजण्णा. याच्याजवळ बसायचं, गप्प बसायचं. पण दुकान बंद ठेवायचं नाही म्हणावं, पुन्हा तीच चूक नको. दुसरा नारायण. तिसरा रुद्रप्पा, तिसरा कठीण असतो, उंच माणूस पाहिजे. चौथा डॉक्टरीणबाई, गोळ्या बघायला. पाचवा नारायणची बायको, ती शिव्या घालेल, त्यानं बरं वाटतं."

अशी बारा नावं झाली. दहाव्याला माझं. मी विचारलं, "आणि तेरावा?"

त्यांनी छताकडे पाहिलं. "तेराव्याला कुणी नको. घरात जेवण आटोपलं की सगळ्यांनी निघून जायचं. तेव्हाही कुणी धरून ठेवला तर जन्मभर कुणाच्या तरी हाताखालीच राहील."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर झालं. मी काय सगळ्या जन्माला पुरणार आहे?"

अक्का गेल्या त्यानंतर बारा दिवस एकही माणूस चुकला नाही. तिसऱ्या दिवशी परशुरामनं रुद्रप्पाचा ओठ फोडला; रुद्रप्पा उठला नाही, रक्त पुसत बसून राहिला. तेराव्याला आम्ही जेवलो आणि अक्कांनी सांगितल्याप्रमाणे बाहेर पडलो. मी मल्लेश्वरमला परत आलो आणि खुर्चीत बसून राहिलो. साडेपाचला मंजण्णाचा फोन आला.

"सर, आला होता." मग त्यानं एका दमात सांगितलं, "काउंटरसमोर उभा राहिला. मी काही बोललो नाही. देऊ नये की द्यावं, हेच मला समजेना. मग म्हणाला, मंजण्णा, तुझ्या शर्टाची काखेतली शिवण उसवलीय. उद्या आणून दे. आणि गेला."

पण मला अक्का आठवतात त्या हॉस्पिटलातल्या त्या दुपारच्या. बारा नावं लिहून झाली होती आणि जिन्यावर पावलं वाजली. माझ्याआधी त्यांनी ती ओळखली. "द्या तो कागद, येतोय," त्या घाईघाईनं म्हणाल्या, माझ्या हातातून तो ओढून घेतला आणि अंगाखाली सरकवून त्यावर नीट बसल्या. परशुराम आत आला. हातात शहाळं, शर्ट घामानं भिजलेला, कपाळावर ती बुजलेली खूण.

"इतका वेळ?" अक्का वाकड्या तोंडानं गरजल्या. "नारळाचं झाड लावून आलास काय रे? आणि हे काय, स्ट्रॉ कुठाय? या तोंडानं कसं पिऊ मी?"

"विसरलो, अक्का."

"विसरतोसच. जा, पळ, घेऊन ये."

तो हसत परत पळाला. जिन्यावरची त्याची पावलं विरेपर्यंत अक्का मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छत्तीस झालीय छाती. खातोय आता नीट."